चोर्ला घाट, मागे कॉम्प्रेसर आणि एक्झॉस्ट ब्रेक

बेळगावहून गोव्याला भाजी नेणाऱ्या पिकअपवाल्यांना ब्रेकचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) करपल्याचा वास चांगला ओळखीचा असतो. चोर्ला घाट संपून केरी आलं की एखाददुसरी गाडी कडेला लागलेली दिसते, पुढच्या चाकातून निळसर धूर येत असतो आणि कोणीतरी बाटलीतलं पाणी ड्रमवर ओतायला निघालेलं असतं. मीही बरीच वर्षं पिकअपवर होतो. कोबी, मिरची, रताळी भरून पहाटे बेळगाव सोडायचं, उजाडेपर्यंत गोव्यातल्या साखळी गावात पोचायचं. ब्रेकचा पाय जड झाला की थोडं थांबायचं, गार झाला की पुढे. घाट उतरणं म्हणजे हेच, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

पुढे मी एका कंत्राटदाराकडे लागलो. त्यांचं काम खडक फोडण्याचं. विहिरी, पाया, रस्त्याच्या कडेची दरड, जिथं काम निघेल तिथं चाकांवरचा कॉम्प्रेसर, म्हणजे जॅकहॅमरला दाबलेली हवा पुरवणारं यंत्र, न्यायचा. त्यासाठी त्यांनी एक मधल्या आकाराचा आयशर ट्रक घेतला होता. हौद्यात जॅकहॅमर, ड्रिलच्या कांड्या, रबरी पाइपांची भेंडोळी, डिझेलचे कॅन आणि माणसं. मागे हुकाला दीड टनाच्या आसपासचा दोनचाकी कॉम्प्रेसर. स्टेअरिंगखाली एक दांडी होती, ती खाली ओढली की एक्झॉस्ट ब्रेक चालू. पिकअपला असलं काही नसल्यामुळे मला ती दांडी नवी होती.

ती कशी वापरायची हे मला खानापूरकडच्या एका जुन्या ड्रायव्हरमामांनी शिकवलं. अनमोड घाटात लाकडाच्या आणि खनिजाच्या गाड्या चालवून त्यांचं आयुष्य गेलेलं. हे शिक्षण मला फार मोलाचं वाटतं. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात ट्रक चालवणाऱ्या कितीतरी पोरांच्या गाडीत आता ही दांडी असते, पण ती नेमकं काय करते हे सांगणारं माणूस बहुतेकांना भेटत नाही.

आधी ती करते काय ते सांगतो. सायलेन्सरच्या पाइपात, टर्बोच्या (बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) पुढे, एक गोल झडप बसवलेली असते. दांडी ओढली आणि रेसवरचा पाय काढला की हवेच्या दाबावर चालणारा छोटा सिलिंडर ती झडप मिटवतो. इंजिनातून बाहेर पडणारी हवा तिथं अडते. पिस्टन वर येऊन आतली हवा बाहेर ढकलायला जातो तेव्हा समोर दाब उभा असतो. त्या दाबाविरुद्ध पिस्टन ढकलण्याची ताकद येते चाकांकडून, म्हणजे उतरणाऱ्या गाडीच्या वजनातून. त्या वेळी इंजिनात डिझेल जात नाही. इंजिन गाडी ओढत नसतं, ते नुसतं हवा दाबत असतं. आमच्या मागे जोडलेलं यंत्र कामावर जे करतं तेच.

डिझेल गाडीला हे मुद्दाम बसवावं लागतं याला कारण आहे. पेट्रोल इंजिनात रेस सोडली की हवा आत यायची वाट बंद होते, पिस्टनला पोकळीविरुद्ध ओढावं लागतं आणि गाडी आपोआप अडते. साध्या डिझेल इंजिनात हवेची वाट उघडीच राहते, त्यामुळे नुसत्या गिअरवर ते तेवढं अडवत नाही. मोटरसायकल किंवा पेट्रोल कार चालवून आलेल्या माणसाला डिझेल पिकअप घाटात सुटल्यासारखी वाटते ती यामुळे.

मामा पहिल्या दिवशी मला चोर्ल्याला घेऊन गेलेच नाहीत. आधी वंटमुरीच्या उतारावर, मग निपाणीजवळच्या तवंदी घाटात, दोन्ही पुणे-बेंगळूर हायवेवर. कॉम्प्रेसर जोडलेला, हौदा भरलेला. तवंदीचा उतार लांब आणि रुंद आहे, वळणं मोठी. गाडी टॉपला ठेवून मला म्हणाले, "ओढ बघू दांडी." ओढली. सायलेन्सरचा आवाज बसका झाला आणि बाकी काहीच झालं नाही. स्पीड वाढतच राहिला.

"काय बघालास रस्त्याकडं? काटा बघ."

आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा तेराशेच्या आसपास होता. त्यांनी मला ब्रेक मारून स्पीड उतरवायला लावला, एक गिअर खाली, मग आणखी एक. काटा बावीसशेच्या वर गेला आणि गाडी मागून धरल्यासारखी झाली. एक्झॉस्ट ब्रेकची ताकद इंजिनाच्या फेऱ्यांवर आहे. फेऱ्या कमी तर मिनिटाला पिस्टन कमी वेळा हवा दाबणार, अडवणार कमी. म्हणून टॉप गिअरमध्ये दांडी ओढून बसणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं आहे. काटा लाल पट्टीत मात्र कधीच जाता कामा नये. उतारावर इंजिनाला वेग देतात चाकं, आणि चाकांना वजन पळवत असतं. रेस सोडलेली असली तरी फेऱ्या मर्यादेबाहेर जाऊ शकतात, मग व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडते. काही ट्रकांच्या मीटरवर हिरव्या पट्टीच्या पुढे एक निळी पट्टी असते, ती उतारावर इंजिनाने गाडी अडवायची जागा दाखवते. आमच्या मीटरवर ती नव्हती. मामांनी काचेवर नखाने रेघ दाखवली, इथून इथपर्यंत.

हायवेचा सरळ उतार वळणाच्या घाटापेक्षा जास्त फसवा आहे असं माझं मत तिथंच झालं. वळणं आली की माणूस आपसूक हळू होतो. तवंदीत रस्ता मोकळा दिसतो, मागचा ट्रक हॉर्न मारतो आणि गाडी टॉपला ठेवून पाय ब्रेकवर टेकवून उतरणारे दिवसभर दिसतात. त्यात न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे आहेतच. त्यांना मी कळकळीने सांगतो की आजच्या डिझेल गाडीत गिअर ठेवून रेस सोडली की उतारावर डिझेलचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि गाडीला अडवणारं जे एकच गार साधन होतं तेही हातचं जातं. इंजिन बंद करून उतरणाऱ्याचं तर बोलायलाच नको. ब्रेकची हवा भरणं थांबतं, स्टेअरिंग जड होतं.

त्यानंतर चोर्ला.

बेळगाव सोडून पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबीला पोचलो. जांबोटीपासून जंगल दाट होतं. कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. तिथून थोडं पश्चिमेला सरकलं की पाणी म्हादईकडे वळतं आणि अरबी समुद्राला मिळतं. गाडीवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की पठार इथं संपलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, साखळी जवळजवळ समुद्राच्या पातळीला. मधली जवळपास सगळी उंची घाटातल्या थोड्या किलोमीटरांत उतरायची असते.

कणकुंबीला चहा झाल्यावर मामांनी गाडीभोवती एक फेरी मारायला लावली. हुकाची पिन आणि तिची खीळ. साखळ्या दोन्ही बाजूंनी कॉम्प्रेसरच्या ओढायच्या दांडीखालून फुलीसारख्या ओवलेल्या, म्हणजे हुक सुटलाच तर ती दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांवर झेलली जाते. कॉम्प्रेसरच्या चाकांची हवा. मागच्या लाइटची वायर. कांड्या आणि हातोडे कोणीतरी कॉम्प्रेसरच्या मागच्या पेटीत टाकले होते, ते त्यांनी काढून हौद्यात ठेवायला लावले. मागे ओढायच्या दोनचाकी गाड्याचं, म्हणजे ट्रेलरचं, वजन मागे गेलं की पुढची दांडी हलकी होते आणि उतारावर गाडा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. हुकावर थोडं वजन पडलेलंच हवं. शेवटी ब्रेकच्या हवेचा काटा पूर्ण वर आहे की नाही ते बघितलं.

मग त्यांनी मला एक हिशेब सांगितला, तोही बोटांवर. पुढे मी तो कागदावर करून बघितला. गाडी, माल आणि कॉम्प्रेसर मिळून सात टन धरा. सातशे मीटर उतरायचं. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती साधारण ४८ मेगाज्यूल भरते. तेवढ्यात दीडशे लिटर गार पाणी उकळी येईपर्यंत तापेल. ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. पायाच्या ब्रेकने उतरलात तर ती ड्रममध्ये आणि लायनरमध्ये जाते. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड कमी होते, आणि पाय तेवढाच दाबला तरी गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. इंजिनाने अडवलंत तर तीच उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. रोजच्या कामात इंजिनाला याहून कितीतरी जास्त उष्णता बाहेर टाकावी लागते, त्याला हे जड नाही.

हे ऐकल्यावर केरीतल्या त्या धुराचा अर्थ मला पहिल्यांदा नीट लागला.

उतार सुरू व्हायच्या आधी, रस्ता अजून सपाट असतानाच, तिसरा गिअर. "इथंच टाक. खाली जाऊन टाकतो म्हटलंस तर पडत नाही बघ." हे का ते सांगायला हवं. उतारावर क्लच दाबला की एक्झॉस्ट ब्रेक सुटतो, कारण इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटतो. तेवढ्या दोन सेकंदांत भरलेली गाडी वेग घेते. आता खालच्या गिअरसाठी फेऱ्या जास्त लागतात, गिअर घुसत नाही, खरखरतो, आणि माणूस न्यूट्रलमध्ये अडकतो. मोठे अपघात इथून सुरू होतात. जुना नियम असा की ज्या गिअरमध्ये हा चढ चढशील त्याच गिअरमध्ये किंवा एक खाली उतर. मागे गाडा असेल तर एक खालीच.

मग दांडी ओढली. तिसऱ्या गिअरमध्ये काटा बावीसशेच्या आसपास, स्पीड पंचवीसच्या जवळपास. गाडी तिथंच बसली. उतार वाढला की काटा हळूहळू वर सरकायचा, चोवीसशेला आला की मामा म्हणायचे, "आता ब्रेक." जोरात नाही आणि नुसता टेकवूनही नाही. नेमका दाबायचा, काटा अठराशे-एकोणीसशेवर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. पुन्हा काटा चढेपर्यंत ड्रमला गार व्हायला वेळ. पाय ब्रेकवर सतत ठेवला तर तो वेळच मिळत नाही. उलट, सारखं पंप केल्यासारखं मारत राहिलं तर ब्रेकच्या टाकीतली हवा ट्रकचा स्वतःचा कॉम्प्रेसर भरतो त्यापेक्षा लवकर संपते. हे प्रमाण हाताला, खरं तर पायाला, बसायला वेळ लागला. मामा शेजारी बसून काटा बोलून दाखवायचे, मी रस्ता बघायचो.

हेअरपिन वळणांना दुसरा गिअर. तोही वळणाच्या अलीकडच्या सरळ भागात, ब्रेकने गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगावर आणून मगच. वर येणाऱ्या गाडीला वाट द्यायची. अरुंद घाटात चढणाऱ्याचा मान पहिला, हा नियमही आहे आणि शहाणपणही. एका वळणावर हुबळीकडचा ट्रक वर येत होता. आम्ही आधीच थांबून राहिलेलो बघून त्या ड्रायव्हरने हात केला आणि म्हणाला, "निधान होग्री, अण्णा," म्हणजे कानडीत सावकाश जा. आम्ही निधानच निघालो होतो.

एक गोष्ट मला पहिल्या उतरणीत खटकली आणि अजून खटकते. आमच्या गाडीत एक्झॉस्ट ब्रेक लागला तरी मागचा लाल दिवा लागत नाही. गाडी हळू होते, पण मागच्याला काही कळत नाही. चोर्ल्यात धुकं असलं आणि मागे गोव्याची टॅक्सी चिकटून येत असली की मी दांडी ओढतानाच पाय ब्रेकवर हलका टेकवून उचलतो, तेवढ्यापुरता दिवा लागतो. काही गाड्यांत दिवा आपोआप लागतो. आपल्या गाडीत काय होतं ते उभ्या गाडीत नेहमीच कळत नाही, चालत्या गाडीमागे दुसऱ्या कोणालातरी यायला सांगून बघून घ्यावं.

केरीला उतरून अंजुणे धरणाच्या बाजूला गाडी लावली. मामांनी तळहात चाकाजवळ धरायला सांगितला, लावायचा नाही, नुसता जवळ. ट्रकचे ड्रम कोमट. करपट वास अजिबात नाही. मला खरोखर आनंद झाला. इतकी वर्षं जो घाट पाय दुखवत उतरलो तो असाही उतरता येतो हे कळायला एवढा काळ लागायला नको होता.

पण कॉम्प्रेसरच्या चाकाजवळ हात नेला तर तिथं चांगलीच झळ होती.

इथं मागे गाडा ओढणाऱ्यांनी नीट लक्ष द्यावं. या कॉम्प्रेसरला स्वतःचा ब्रेक आहे, पण तो ट्रकच्या ब्रेकला जोडलेला नाही. ट्रक हळू झाला की मागचा गाडा पुढे ढकलतो, त्याची दांडी आत दबते आणि त्या दाबाने गाड्याचे ब्रेक लागतात. सपाट रस्त्यावर ही सोय फार चांगली. घाटात मात्र ट्रक इंजिनाने अडवलेला आणि गाडा वजनाने पुढे रेटतोय, म्हणजे गाड्याची दांडी घाटाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत दबलेलीच. ट्रकचा पायब्रेक आराम करत होता तेव्हा कॉम्प्रेसरचा ब्रेक एक क्षणही सुटलेला नव्हता. त्याच्या वाट्याची उष्णता तो एकटा खात होता. एक्झॉस्ट ब्रेक ट्रकचा ब्रेक वाचवतो, गाड्याचा नाही.

यावर उपाय दोनच. एक, आणखी हळू उतरायचं, म्हणजे तीच उष्णता जास्त वेळात निघते आणि वाऱ्याने जात राहते. दुसरा, घाटात मध्ये जिथं रस्ता रुंद आहे तिथं दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, चाकाखाली लाकडी ठोकळे लावून. तेव्हापासून आम्ही दोन्ही करतो. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र ओतायचं नाही, ड्रमच्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, तडा जातो. बेळगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या कोणालाही विचारा, लाल नसलं तरी तापलेलं बीड आणि गार पाणी यांचं काय होतं ते तो सांगेल.

ज्या गाड्याला ब्रेकच नाही त्याचं सगळं वजन ट्रकच्या अंगावर येतं. आणि ज्याला वायरने जोडलेला विजेचा ब्रेक आहे त्याची तऱ्हा उलटी. अमेरिकेत मोठ्या डिझेल पिकअपमागे घरासारखे गाडे आणि घोड्यांच्या गाड्या ओढतात, तिथं असे ब्रेक सर्रास असतात. पायब्रेक दाबला की ते लागतात. नुसत्या एक्झॉस्ट ब्रेकने पायब्रेकचा स्विच दबत नाही, म्हणून गाडा न अडता मागून ढकलत राहतो. त्यासाठी तिथले लोक केबिनमधल्या कंट्रोलरचा हातखटका वापरून गाडा थोडा मागे खेचून धरतात. तिथल्या पिकअपमध्ये ही सोय कंपनीतूनच येते. २००७ मध्ये ६.७ लिटरच्या कमिन्स इंजिनाची डॉज रॅम आली, तिच्यात वेगळी झडप न बसवता टर्बोमधली वायूची वाटच अरुंद करून एक्झॉस्ट ब्रेकचं काम घेतलं होतं.

कमिन्सवरून आठवलं. आपल्याकडे 'इंजिन ब्रेक' म्हणून सगळं एकाच नावाखाली घालतात, पण अमेरिकन ट्रकांचा तो मोठ्याने फडफडणारा जेक ब्रेक वेगळा. त्यात सायलेन्सर अडवत नाहीत. पिस्टनने हवा दाबून झाली की वरचा व्हॉल्व्ह उघडून ती दाबलेली हवा सोडून देतात, म्हणजे तिने पिस्टनला परत खाली ढकलून ताकद परत द्यायची संधीच मिळत नाही. तो शोधला क्लेसी कमिन्स यांनी. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केहोन खिंडीतून डिझेल ट्रक उतरवताना त्यांचे ब्रेक गेले आणि खाली रुळावरून जाणाऱ्या मालगाडीवर आदळता आदळता ते वाचले. ती भीती त्यांच्या मनात राहिली. जेकब्स कंपनीने त्यांचा ब्रेक १९६१ मध्ये बाजारात आणला. घाटात जीव मुठीत धरलेल्या माणसानेच हे यंत्र केलं, याचं मला अप्रूप वाटतं.

आता पावसाचं. आमच्या भागात हे सगळ्यात महत्त्वाचं. जूनमध्ये कणकुंबीला पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत रस्ता वाळत नाही. आंबोलीकडेही तेच.

एक्झॉस्ट ब्रेक अडवतो ती फक्त मागची चाकं, कारण इंजिन त्यांनाच जोडलेलं आहे. पायब्रेक सगळ्या चाकांवर काम वाटतो. कोरड्या रस्त्यावर, भरलेल्या हौद्याने, याने काही बिघडत नाही. ओल्या रस्त्यावर, हौदा मोकळा असताना, मागच्या टायरवर वजन नसतं आणि एवढी अडवणूक त्या टायरला पेलत नाही. एका पावसाळ्यात कामावरून परतताना आंबोलीच्या खाली उतरायचं होतं, हौदा रिकामा, कॉम्प्रेसर साइटवरच ठेवलेला. वळणात पानांचा चिखल होता. दांडी ओढलेली होती आणि गाडीचा मागचा भाग हलकेच बाहेर सरकला. मी दांडी वर केली, चाकं सुटली, गाडी सरळ झाली. कॉम्प्रेसर मागे असता तर तो त्याच क्षणी आपल्या तिरक्या झालेल्या दांडीतून ट्रकची मागची बाजू आणखी बाहेर ढकलता. गाडी आणि गाडा चाकूच्या पात्यासारखे एकमेकांवर मिटतात ते असेच. अलीकडच्या अनेक ट्रकांत चाक घसरतंय असं एबीएसला (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) कळलं की एक्झॉस्ट ब्रेक आपोआप सुटतो. तरी त्या भरवशावर वळणात शिरू नये असं माझं ठाम मत आहे.

म्हणून पावसात आमची पद्धत बदलते. गिअर आणखी एक खाली. सरळ उतारावर दांडी चालू, वळणात शिरण्याआधी बंद, वळणात नुसता गिअर आणि गरज पडली तर चारही बाजूंनी धरणारा हलका पायब्रेक, वळण सुटलं की पुन्हा दांडी. मागे गाडा असेल तर हौदा रिकामा ठेवत नाही. कांड्या आणि हातोडे मागच्या ॲक्सलच्या वर येतील असे बांधतो. चोर्ल्यात अवजड गाड्यांना बंदी लागली की अनमोडने, नाहीतर काम चार दिवस पुढे. मालक यावर कधी कुरकुरले नाहीत याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. घाटातली अर्धी घाई ड्रायव्हरची नसते, फोनवरच्या माणसाची असते.

देखभाल फारशी नाही. झडपेवर काजळी बसते आणि न वापरल्यास ती अडकते, म्हणून सपाट रस्त्यावरही अधूनमधून दांडी ओढावी. अर्धवट मिटलेली अडकली तर गाडी ओढत नाही, काळा धूर येतो आणि इंजिन तापतं. हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडावं, तेच पाणी त्या छोट्या सिलिंडरला गंजवतं. रेस आणि क्लचचे स्विच मेस्त्रीकडून तपासून घ्यावेत, त्यांच्यावरच झडप कधी सुटायची ते ठरतं.

भाजी मार्केटात जुने सोबती भेटले की विचारतात, पिकअपला ही झडप बाहेरून बसवून घेऊ का. मी नको म्हणतो. सायलेन्सरमध्ये दाब अडवला की तो एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे जाऊन साचतो. व्हॉल्व्हची स्प्रिंग तेवढ्या दाबासाठी केलेली नसेल तर व्हॉल्व्ह आपल्या जागेवरून उचलला जातो. टर्बोच्या सीलवरही ताण येतो. इंजिन बनवणाऱ्याने या इंजिनाला एवढा दाब चालेल असं सांगितलं असेल तरच तो विचार करावा, आणि आपल्या पिकअपच्या बाबतीत तसं सांगणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही. त्यापेक्षा पासिंगपेक्षा जास्त माल भरू नका, कणकुंबीच्या पुढे दुसरा गिअर टाका आणि ब्रेक ऑइल बदला, असं मी त्यांना हात जोडून सांगतो.

ऑइलकडे तर कोणी बघतच नाही. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आमच्या पावसात ओलाव्याला तोटा नाही. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको, पण ओलावा धरल्यावर हाच आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ ला तेच २३० आणि १५५. घाटात ड्रम तापले की उष्णता चाकातल्या सिलिंडरपर्यंत जाते, ऑइल उकळतं, नळीत वाफ होते. वाफ दबते, ऑइल दबत नाही. पाय थेट तळाला जातो. बेळगावात कुठल्याही मेस्त्रीकडे हे ऑइल बदलायला तासाभराचं काम आहे. मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, करून घ्या. डबीवर डॉट ३ की ४ ते गाडीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिल्याप्रमाणेच घ्या, आणि उघडून ठेवलेली जुनी डबी मेस्त्री वापरत असेल तर नवी फोडायला सांगा.